कमी ढेकर देणारी गाय : कशाच्या मानाने कमी?

२०२५ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या एका वासराचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. डम्फ्रीसजवळच्या एका संशोधन-गोठ्यात जन्मलेल्या या कालवडीचे नाव हिल्डा. प्रयोगशाळेत फलित केलेल्या बीजांडापासून ती जन्मली, आणि तिचा बाप म्हणून कमी मिथेनच्या गुणासाठी निवडलेला वळू वापरला होता. 'कमी मिथेन सोडणारी गाय जन्माला आली' अशा अर्थाचे मथळे आपल्याकडेही छापून आले.

त्यानंतर काही दिवसांनी एका तालुक्याच्या गावी विज्ञानशिक्षकांच्या शिबिराला मी गेले होते. तिथे एका शिक्षकांनी हे कात्रण दाखवले. त्यांनी ते नववीच्या वर्गात वाचून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ही गाय कडबा खाईल का?" वर्ग हसला. सरांना मात्र हसू आले नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलाचा प्रश्न सगळ्या बातम्यांपेक्षा मुद्द्याचा होता, असे मला वाटते. कमी मिथेनच्या गायींची पैदास ही कल्पना नेमकी काय आहे, तिच्यात खरे किती आणि सांगण्याच्या भरात सुटून गेलेले किती, हे त्या प्रश्नाच्या आधाराने तपासून पाहू.

मथळ्यातली एक चूक आधी दुरुस्त करू. नुकतेच जन्मलेले वासरू दूध पिते. ते दूध थेट चौथ्या पोटात जाते. मिथेन जिथे तयार होतो ते पहिले मोठे पोट, म्हणजे कोटीपोट, तेव्हा कामालाच लागलेले नसते. त्यामुळे जन्मतः कोणतेही वासरू 'कमी मिथेनवाले'च असते! हिल्डाचा मिथेन कुणी मोजला नव्हता. तिच्या वंशावळीवरून केलेले ते भाकीत होते. भाकीत करण्यात गैर काही नाही, पण भाकीत आणि मोजमाप यांतला फरक विज्ञानाच्या वर्गात तरी पुसला जाऊ नये.

ढेकर येतो कुठून?

गवतातले सेल्युलोज पचवणारे विकर गायीच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोटीपोटातले जीवाणू, बुरशी आणि आदिजीव करतात. शंभर लिटरहून अधिक मावेल अशा या पोटात हवा नसताना किण्वन चालते. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. ती रक्तात शोषली जातात, आणि गायीची ऊर्जा मुख्यतः त्यांच्यापासूनच येते.

या किण्वनात हायड्रोजनही सुटतो. तो साचत गेला तर किण्वनच मंदावेल. त्याचा निचरा करणारे सूक्ष्मजीव म्हणजे आर्किया गटातले मिथेनजनक. ते कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे चार रेणू जोडतात, आणि मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू तयार करतात. हा मिथेन मुख्यतः ढेकरांवाटे तोंडानाकातून बाहेर पडतो. तो मागच्या वाटेने जातो हा समज सार्वत्रिक असला तरी त्या वाटेने जाणारा भाग अगदी थोडा असतो.

गायीने खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के, साधारणतः ६ टक्के ऊर्जा अशी वाया जाते. वातावरणात मिथेन सुमारे बारा वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट भरते. म्हणून ढेकर कमी झाला तर शेतकऱ्याचाही फायदा आणि हवामानाचाही, असा हा विचार आहे. तो चुकीचा नाही. पण हायड्रोजनचा निचरा हे कोटीपोटाचे गरजेचे काम आहे, हे लक्षात ठेवूनच पुढे जायला हवे. मिथेन कमी झाला तर तो हायड्रोजन दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने गेला असेल, किंवा मुळातच कमी तयार झाला असेल. यांपैकी काय घडले, हे 'कमी मिथेन' या दोन शब्दांवरून कळत नाही.

निवड करता येते हे खरे

एकाच गोठ्यातल्या, एकच चारा खाणाऱ्या गायींमध्येही मिथेनचे प्रमाण कमीजास्त असते, आणि या फरकाचा काही भाग आनुवंशिक असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५० होल्स्टीन गायींवरच्या अभ्यासात फरकातला सुमारे २१ टक्के भाग गायीच्या जनुकांमुळे आणि १३ टक्के भाग पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे असल्याचे दिसले. २०१९ मध्ये चार युरोपीय देशांतल्या हजाराहून अधिक गायींवर झालेल्या अभ्यासातही, पोटातल्या सूक्ष्मजीवांपैकी काहींचे प्रमाण गायीच्या जनुकांशी निगडित असल्याचे आढळले.

निवडीचा सर्वांत जुना प्रयोग गायींवरचा नाही, तो न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांवरचा आहे. तिथे जास्त मिथेनची आणि कमी मिथेनची अशी दोन घराणी वाढवण्यात आली. तीन पिढ्यांनंतर, किलोभर चाऱ्यामागे सुटणाऱ्या मिथेनमध्ये या घराण्यांत ११-१२ टक्क्यांचा फरक पडला. इथे नीट वाचायला हवे. हा फरक दोन टोकांच्या घराण्यांमधला आहे, सामान्य मेंढीच्या तुलनेतला नव्हे. एक घराणे खाली गेले तसे दुसरे वरही गेले. तरीही बातम्यांत हा आकडा 'घट' म्हणून येतो.

'आनुवंशिकता २३ टक्के' अशी वाक्येही या विषयावरच्या लेखनात वारंवार भेटतात. त्याचा अर्थ 'मिथेनचा २३ टक्के भाग आईबापांकडून येतो' असा विद्यार्थी घेतात, आणि कधी कधी आपणही घेतो. खरा अर्थ असा : त्या कळपातल्या, त्या परिस्थितीतल्या जनावरांमध्ये जो फरक दिसतो, त्यापैकी २३ टक्के फरक आनुवंशिक आहे. कळप बदलला, चारा बदलला, की हा आकडाही बदलू शकतो.

एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. समजा, कळपाची सरासरी रोजी ४०० ग्रॅम मिथेन आहे. त्यातून आपण ३५० ग्रॅम सरासरीचे आईबाप निवडले. फरक ५० ग्रॅमचा. आनुवंशिकता ०.२३ असेल, तर पुढच्या पिढीची सरासरी ५० गुणिले ०.२३, म्हणजे साडेअकरा ग्रॅमने उतरेल. ३५० नव्हे, तर ३८८.५ ग्रॅम! पिढीमागे जेमतेम तीन टक्के. त्यात दूध, आरोग्य, प्रजनन हे गुणही बघायचे असल्याने प्रत्यक्ष वेग आणखी कमी. गायीची एक पिढी म्हणजे काही वर्षे. पिढी जितकी आखूड तितका वेग जास्त, आणि हिल्डाच्या जन्मामागचा खरा उद्देश पिढी आखूड करण्याचाच होता. मथळ्यांत तो आलाच नाही.

कशाच्या मानाने कमी?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. 'कमी मिथेन' असे म्हटले की विचारले पाहिजे : दर गायीमागे कमी, दर किलो चाऱ्यामागे कमी, की दर लिटर दुधामागे कमी? अंश तोच राहतो. भाजक बदलला की गुणवत्ता यादी उलटीपालटी होते.

हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत मिथेनचा ढोबळ हिशेब करण्यासाठी प्रदेशवार आकडे दिलेले आहेत. दुरुस्तीनंतर उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गायीसाठी वर्षाला १२८ किलो मिथेन धरला आहे, भारतीय उपखंडातल्या गायीसाठी ५८ किलो. म्हणजे दर गायीमागे आपली गाय निम्म्याहून कमी मिथेन सोडते. पण त्याच तक्त्यात दूध अनुक्रमे वर्षाला ८४०० किलो आणि ९०० किलो धरले आहे. भागाकार केला तर तिकडे किलोभर दुधामागे सुमारे १५ ग्रॅम मिथेन येतो, आणि इकडे सुमारे ६४ ग्रॅम. पहिल्या यादीत पहिली आलेली गाय दुसऱ्या यादीत शेवटची!

दोन्ही यादी गणिताने बरोबर आहेत. पण दूध हा भाजक निवडला, तेव्हा गाय फक्त दुधासाठी असते असे आपण गृहीत धरले. जी गाय शेण देते, औताचे बैल देते आणि माणसाच्या उपयोगी न पडणारा कडबा-भुसा खाऊन जगते, तिची बाकीची कामे या भागाकारातून वजा झाली.

दुसऱ्या बाजूनेही पाहू, कारण वातावरणाला भागाकार समजत नाही. त्याला एकूण किती मिथेन आला एवढेच कळते. अमेरिकेत १९४४ मध्ये २.५६ कोटी दुभत्या गायी ५.३ कोटी टन दूध देत होत्या. २००७ मध्ये फक्त ९२ लाख गायी ८.४ कोटी टन दूध देऊ लागल्या. तिथे दर गायीमागचा मिथेन वाढला, पण गायींची संख्याच इतकी घटली की दुग्धव्यवसायाचे एकूण हरितगृह वायू सुमारे ४१ टक्क्यांनी उतरल्याचा हिशेब निघतो. भारतात १९५०-५१ मध्ये १.७ कोटी टन दूध होते, ते २०१८-१९ मध्ये १८.७७ कोटी टनांवर गेले, म्हणजे अकरा पट झाले. याच काळात गायी-बैल आणि म्हशी-रेडे मिळून संख्या १९५१ च्या १९.८७ कोटींवरून २०१९ च्या पशुगणनेत ३०.३३ कोटींवर गेली. दर लिटर दुधामागचा मिथेन इथेही घसरला असणार, पण जनावरांची संख्या दीडपट झाली. दर लिटरमागची सुधारणा आपोआप एकूण घट होत नाही, ती मध्ये जनावरांची संख्या काय होते यावर ठरते.

दूध पाहून ढेकर ओळखणे

कॅनडाने एप्रिल २०२३ मध्ये होल्स्टीन जातीसाठी मिथेन-कार्यक्षमतेचा निर्देशांक सुरू केला. राष्ट्रीय पातळीवरच्या पैदास-मूल्यमापनात मिथेन आणण्याचे हे मोठे पाऊल होते, आणि त्यामागचे शास्त्र कौतुकास्पद आहे. गायीला बंदिस्त कक्षात ठेवून तिचा श्वास मोजणे फार खर्चाचे असते. त्याऐवजी थोड्या गायींचा मिथेन प्रत्यक्ष मोजला गेला आणि त्यांच्या दुधाच्या अवरक्त वर्णपटाशी तो जोडून सूत्र बसवले गेले. मग नेहमीच्या दूध-तपासणीतूनच लाखो गायींच्या मिथेनचा अंदाज करता येऊ लागला. दूध, स्निग्धांश आणि प्रथिने यांचे उत्पादन घटू नये अशी काळजी या निर्देशांकाच्या रचनेतच घेतली आहे. या निवडीमुळे २०५० पर्यंत २० ते ३० टक्के घट होऊ शकेल, असा त्यांचा अंदाज आहे.

माझा आक्षेप या कामावर नाही, ते जसेच्या तसे उचलण्यावर आहे. हे सूत्र मक्याचा मुरघास आणि धान्य खाणाऱ्या कॅनडातल्या होल्स्टीन गायींवर बसवलेले आहे. ज्वारीचा कडबा, उसाचे वाढे आणि मूठभर सरकी पेंड खाणाऱ्या गायीच्या दुधाला ते लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. तंतुमय चाऱ्यावर ॲसिटिक आम्ल जास्त तयार होते, हायड्रोजनही जास्त सुटतो, धान्यावर प्रोपिऑनिक आम्ल वाढते आणि ते हायड्रोजन वापरून टाकते. पोटातला कारभारच वेगळा होतो. एका चाऱ्यावर पहिली आलेली गाय दुसऱ्या चाऱ्यावर पहिली येईलच असे नाही.

इथे त्या मुलाचा कडबा समोर येतो. न्यूझीलंडच्या कमी मिथेनच्या मेंढ्यांचे कोटीपोट लहान असल्याचे आणि चारा त्यातून लवकर पुढे सरकत असल्याचे आढळले आहे. हिरव्यागार, कोवळ्या कुरणावर त्यांचे काही बिघडले नाही, त्यांची वाढ चांगली राहिली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण कडब्यातले टणक तंतू पचायला वेळ लागतो. चारा लवकर पुढे सरकला तर मिथेन कमी होतो, तशी तंतूंच्या पचनाला मिळणारी सवडही कमी होते. मोठे पोट आणि संथ पचन ही रवंथ करणाऱ्या प्राण्याची खरी कमाई आहे. ज्यामुळे गाय माणसाच्या ताटाशी स्पर्धा न करता जगते, तोच गुण आपण 'दोष' म्हणून वगळत तर नाही ना? उत्तर 'हो' असेलच असे नाही, पण आपल्या चाऱ्यावर, आपल्या जनावरांवर मोजल्याशिवाय 'नाही' म्हणता येणार नाही.

एका आकड्याच्या मागे

एकाच आकड्यासाठी पैदास केल्याचे परिणाम पशुशास्त्राने पाहिलेले आहेत. गोठवलेल्या रेतामुळे एक वळू हजारो गायींचा बाप होऊ शकतो. १९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा अमेरिकन होल्स्टीन वळू दुधासाठी इतका नावाजला की त्याला सोळा हजारांहून अधिक लेकी झाल्या. अमेरिकेतल्या होल्स्टीन गायींच्या जनुकसंचाचा सुमारे १४ टक्के भाग त्याच्यापासून आला आहे. त्याच्याबरोबर एक सदोष जनुकही पसरले. ते आईबाप दोघांकडून आले तर गर्भ पोटातच मरतो. २०१६ च्या एका अभ्यासानुसार जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भपात या एका जनुकामुळे झाले. त्याच अभ्यासाने हेही नोंदले की चीफच्या वंशाने वाढवलेल्या दुधाची किंमत या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त होती.

दुधावरच लक्ष ठेवल्याने होल्स्टीन गायींचे गाभण राहण्याचे प्रमाणही दशकानुदशके घसरत गेले. अखेर २००३ मध्ये अमेरिकेच्या मूल्यमापनात 'वळूच्या लेकी गाभण राहण्याचे प्रमाण' हा गुण घालावा लागला. आनुवंशिक सुधारणा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, म्हणून ती स्वस्त पडते असे सांगतात. चूकही तितकीच टिकते, हे त्याच वाक्यात सांगायला हवे. चाऱ्यातले पूरक औषध उद्यापासून बंद करता येते, कळपात पसरलेले जनुक तसे परत घेता येत नाही.

आपल्या गोठ्यात

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने होल्स्टीन आणि जर्सीच्या रेताने संकरित गायी गावोगावी पोचवल्या. दूध वाढले, अनेक घरांत रोजचा पैसा आला. त्याबरोबर जास्त पाणी, जास्त खुराक आणि उन्हाचा त्रासही आला. नवे रेत येते तेव्हा त्याच्याबरोबर एक चारा-पद्धतही दारात येते, हे आपल्या शेतकऱ्याला अनुभवाने माहीत आहे.

मग आपण काय करावे? एक साधा हिशेब पाहू. गाय एका वेतात दहा महिने दूध देते असे धरू. दोन वेतांत वीस महिन्यांचे अंतर असेल, तर ती निम्मा काळ भाकड राहते, पण ढेकर देतच असते. तेच अंतर तेरा महिन्यांवर आले, तर तेवढ्याच दुधामागे वीसऐवजी तेरा महिन्यांचा मिथेन येईल, म्हणजे ३५ टक्के कमी. भाकड काळातला मिथेन दुभत्या काळाएवढाच धरल्याने हा हिशेब ढोबळ आहे. खरी बचत याहून कमी भरेल. तरीही ती कॅनडाच्या २०५० च्या अंदाजाच्या तोडीची असू शकते, आणि त्यासाठी नवे जनुक लागत नाही. वेळेवर माज ओळखणे, खनिज मिश्रण, हिरवी वैरण आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य एवढे पुरते. अर्थात इथेही भाजक दूधच आहे. एकूण मिथेन उतरायचा तर तेवढ्याच दुधासाठी कमी जनावरे पाळली जायला हवीत, ही अट मघासारखीच कायम राहते.

कमी मिथेनची निवड टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. दूध, प्रजनन, काटकपणा आणि कडबा पचवण्याची ताकद यांच्या जोडीला मिथेन हा आणखी एक गुण म्हणून ती जरूर यावी. पण आधी आपल्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ गायींवर, आपल्या म्हशींवर आणि संकरित गायींवर, आपल्याच वैरणीवर मोजमाप व्हावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी जनावरे आहेत, त्यांच्याकडून चार नोंदी मागवा : जनावर काय खाते, पहिले वेत कितव्या वर्षी झाले, दोन वेतांत किती महिने गेले, आणि दुधाखेरीज त्याचा काय उपयोग होतो. मग वर दिलेले भागाकार त्या आकड्यांवर करून पाहा, आणि दर वेळी भाजक कोणता निवडला ते मुलांनाच सांगू द्या.

त्या शिक्षकांना मी कळवले आहे की मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : हिल्डा कडबा खाईल, पण त्यावर ती किती दूध आणि किती मिथेन देईल हे कुणी मोजलेले नाही.